ऐकणाराचा अधिकार

‘अमुक कादंबरी मीं वाचली’ असें म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. ज्यानें पुस्तक हातीं घेऊन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत डोळे फिरविले त्याला, असें उत्तर कोणीही सहज देईल. परंतु जीं बोलकीं पुस्तकें हल्लीं ऑडिओबुक या नांवानें ओळखलीं जातात, तीं मोबाइलमधून घरोघर येऊं लागल्यापासून हें उत्तर पुरेसें राहिलेलें नाहीं. स्टोरीटेल या स्वीडिश कंपनीनें २०१७ सालीं भारतांत पाऊल टाकलें, तेव्हां इंग्रजी व हिंदी यांच्या जोडीला तिनें मराठीही घेतली. स्वयंपाक करतांना किंवा एस. टी.च्या प्रवासांत कादंबऱ्या ऐकणारा एक नवा वर्ग आज आपल्यांत आहे. त्यांतील कोणीं ‘मीं ती कादंबरी वाचली’ असें म्हटलें कीं पुस्तकप्रेमी मंडळी किंचित् हंसतात. त्या हंसण्यांत न्याय किती आणि अहंकार किती, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

डोळ्यांनीं मुकाट्यानें वाचणें हेंच खरें वाचन, ही समजूत फारशी जुनी नाहीं. इसवी सनाच्या चौथ्या शतकांत मिलानचा धर्मगुरु अँब्रोज ओठ न हलवितां वाचतो, ही गोष्ट संत ऑगस्टिनला आपल्या आत्मकथनांत मुद्दाम नमूद करावीशी वाटली. आपल्याकडे तर ग्रंथाचा पहिला संबंध कानाशींच आला. नवविधा भक्तींत श्रवण पहिलें. समर्थांनीं दासबोधाच्या चौथ्या दशकाचा आरंभ त्यापासूनच केला आहे. नामदेवांचें नरसी, एकनाथांचें पैठण आणि समर्थांचें जांब हीं तिन्ही गांवें मराठवाड्यांतलींच. ज्या शिरूर अनंतपाळ येथें बसून मी हें लिहीत आहें, तेथेंही श्रावणांत पोथी लावण्याची चाल कोणाला अनोळखी नाहीं. एकानें वाचावें व दहांनीं ऐकावें. त्या दहांपैकीं कोणालाही ‘तुला हरिविजय ठाऊक नाहीं’ असें म्हणण्याची कोणाची छाती होणार नाहीं.

कादंबरीनें मात्र ही रीत मोडली. बाबा पदमनजींचें ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालीं निघालें. तेव्हांपासून मराठी कादंबरी ही मुख्यतः एकट्यानें वाचावयाची वस्तु झाली. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणुकी’च्या अंकांतून येऊं लागली, तेव्हां ती घरांतील एकानें वाचून इतरांना ऐकविली असेल, तरी तें घर साक्षरांचें. आमच्या भागाची स्थिति याहून कठीण होती. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यांत होता. १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाची शिक्षणभाषा उर्दू. आणि शेतकऱ्याच्या घरीं, त्यांतून बाईच्या हातीं, मराठी पुस्तक पडण्याची वेळ क्वचितच येई. याचा परिणाम असा झाला कीं, ज्यांच्या सुखदुःखांवर पुढें कादंबऱ्या लिहिल्या गेल्या, तींच माणसें त्या कादंबऱ्यांच्या वाचकवर्गाबाहेर राहिलीं.

रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ हें याचें जवळचें उदाहरण. बोराडे हे आतांच्या लातूर जिल्ह्यांतील काटगांवचे. २०२५ च्या फेब्रुवारींत ते निवर्तले. १९७१ सालीं प्रसिद्ध झालेल्या या कादंबरींत एका खेड्यांतील शिंप्याच्या संसाराची वाताहत त्याची बायको पारबती स्वतःच्या तोंडानें सांगते, आणि तीही आमच्या भागांतल्या बोलींत. अलीकडे ही कादंबरी मीं पुन्हा हातीं घेतली, आणि शेजारच्या एक वृद्ध मावशी तुरीच्या शेंगा सोलीत बसत त्या वेळीं त्यांना ती कांहीं संध्याकाळीं वाचून दाखविली. मावशींना अक्षरओळख नाहीं. पहिल्या संध्याकाळीं, हें सारें पुस्तकांत छापलेलें आहे, हेंच त्यांना पटेना. ‘ही कुण्या घरची गोष्ट हाय?’ असें त्या पुनःपुन्हा विचारीत. पुढें एका ठिकाणीं त्यांचे हात थांबले, आणि त्या म्हणाल्या, ‘तिला कुणी इचारलंच न्हाई का?’ या पुस्तकावर दहा पानें लिहिणारा टीकाकारही याहून नेमका प्रश्न विचारील कीं नाहीं, याची मला शंका आहे. मग मावशींनीं ‘पाचोळा’ वाचली कीं नाहीं? वाचली नाहीं असें म्हणावें, तर वाचनाचें जें फळ म्हणून आपण सांगतों तें त्यांच्या पदरीं कसें पडलें, हें सांगावें लागेल.

यावर कोणी म्हणेल कीं, हा प्रसंग जिवंत माणसाच्या वाचनाचा. यंत्राची गोष्ट निराळी. आक्षेप योग्य आहे. मावशी मला थांबवूं शकत होत्या, खुलासा विचारूं शकत होत्या. यंत्र मागें नेतां येतें, पण त्याला प्रश्न विचारतां येत नाहीं. परंतु हा दोष छापील पानालाही आहे. प्लेटोच्या ‘फीड्रस’ संवादांत सॉक्रेटिसानें लेखनावर हाच ठपका ठेवला आहे कीं, त्याला कांहीं विचारावें तर तें गप्प राहतें. तेव्हां या मुद्द्यावर पान आणि यंत्र एकाच पंक्तीस बसतात.

खरा भेद, शब्दाला स्वर कोण देतो, यांत आहे. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) मीं यंदा ऐकली. तींत कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण आपापली बाजू मांडतात. ऐकतांना दुर्योधनाचा शब्द कानीं पडतो तो वाचणाऱ्या नटाच्या मतासह पडतो. त्यानें तो कुत्सित ठरविला असेल तर माझ्यापुरता तो कुत्सितच. पुस्तकांत तोच शब्द मुका असतो. त्यांत राग भरावयाचा कीं दुःख, हें मला ठरवावें लागतें. ज्या माणसाची मला चीड आहे त्यालाही क्षणभर माझा आवाज उसना द्यावा लागतो. कादंबरीवाचनांत नीतीचा कांहीं अंश असेल तर तो येथें आहे. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ (१९३९) मधील हेर्टाचे शब्द वाचतांना मला वारंवार पुस्तक मिटावें लागलें. तें मिटणें हाही वाचनाचाच भाग होता. दुसऱ्याच्या स्वराच्या ओघांत तें घडलें असतें कीं नाहीं, कोण जाणे.

पण या स्वातंत्र्याचा उपयोग वाचक नेहमीं चांगल्याच कामीं करतो असें नाहीं. पारबतीची बोली शहरांतला वाचक मनांतल्या मनांत आपल्या वळणावर आणून सुधारून घेतो, नाहीं तर नाटकांतल्या गांवढळ पात्राचा हेल तिला चिकटवितो. पान त्याला अडवीत नाहीं. ‘पण लक्षांत कोण घेतो’ मध्यें यमूच्या केशवपनाचा प्रसंग जवळ येऊं लागला कीं डोळा चार ओळी गाळून पुढें धांवूं पाहतो. कानाला अशी पळवाट सहज सांपडत नाहीं. जें सांगितलें जातें तें सांगणाराच्या गतीनें ऐकावें लागतें. दुसऱ्याचें दुःख त्याच्या गतीनें ऐकून घेणें ही कांहीं लहान शिस्त नव्हे.

म्हणूनच बोलक्या पुस्तकांच्या काळांत वाचून दाखविणारावर मोठा भार येतो. हीं पुस्तकें आरंभीं अंधांसाठीं निघालीं. इंग्लंडांत १९३५ सालीं अंध वाचकांसाठीं, आणि त्यांत पहिल्या महायुद्धांत दृष्टि गमावलेले सैनिकही होते, ज्या पहिल्या ध्वनिमुद्रिका तयार झाल्या, त्यांत अ‍ॅगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ ही कादंबरी होती. तिचें सारें रहस्य, कथा सांगणाऱ्या डॉक्टरावर आपला किती विश्वास बसतो, यावर उभें आहे. वाचून दाखविणाराला शेवट ठाऊक असतो. तरी त्याच्या स्वरानें त्याची चुगली करतां कामा नये. ‘पाचोळा’ वाचून दाखविणारालाही हेंच पथ्य आहे. त्यानें पारबतीची कींव करूं नये आणि तिला हास्यास्पदही करूं नये. तिचें बोलणें तिचेंच राहूं द्यावें.

ऐकणाराची जबाबदारीही यानें कमी होत नाहीं. यंत्राचा वेग दीडपट करून आठवड्यांत तीन कादंबऱ्या संपविणारा श्रोता आणि परिच्छेद गाळून पानें उलटणारा वाचक हे एकाच माळेचे मणी. उपनिषदांनीं श्रवणापुढें मनन आणि निदिध्यासन सांगितलें तें उगीच नव्हे. हातांत काम आहे म्हणून लक्ष नाहीं, असेंही समजूं नये. मावशींचे हात शेंगांत होते. पण जेथें थांबावयास हवें तेथें ते थांबले. पुस्तक हातीं धरून बसलेल्या किती जणांविषयीं आपणांस असें सांगतां येईल?

तात्पर्य, कादंबरीतल्या माणसाविषयीं ज्याच्या मनांत एखादा खरा प्रश्न उरला, त्याला ती वाचल्याचें म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे; त्यानें ती डोळ्यांनीं घेतली कीं कानांनीं, हें पुसण्याचें कारण नाहीं. आणि पुस्तकांच्या कपाटाचा अभिमान बाळगणाऱ्या आम्हां साक्षरांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, ज्यांच्या आयुष्यावर हीं पुस्तकें लिहिलीं गेलीं त्यांच्यापर्यंत तीं पोहोंचविण्याचें देणें अद्याप फिटलेलें नाहीं. कानाच्या वाटेनें तें थोडें जरी फिटत असेल, तरी त्या वाटेला कमी लेखण्याचा आपणांस हक्क नाहीं.