कागद घरात, वाचणारा बाहेर

मराठवाड्यातल्या पुष्कळ घरांत ट्रंकेच्या तळाशी निजामाच्या काळातला एखादा उर्दू कागद असतो. इनामाचा मुंतखब असेल, खरेदीखत असेल. जमीन आपली, नाव पणजोबांचे, शिक्का खरा; पण वाचता येत नाही. भावकीत वाद निघाला की तो कागद घेऊन उर्दू जाणणारा माणूस शोधायचा आणि तो सांगेल ते ऐकायचे. यात उर्दूचा काही दोष नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान संपले, कारभाराची भाषा बदलली आणि दोन पिढ्यांत घरचा कागद घरच्यांनाच मुका झाला.

नांदेडच्या आमच्या अक्षरजुळणीच्या कार्यालयात २०२५ च्या दिवाळीनंतर कामाच्या एका संगणकावर विंडोज काढून लिनक्स टाकले, तेव्हापासून हे कागद माझ्या मनातून जात नाहीत.

निमित्त साधे होते. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. आमचा सहाव्या पिढीचा. यंत्र धडधाकट, तरी बाद. बाजारात विचारले तर उत्तर ठरलेले: “फॉरमॅट मारून देतो, अकरा टाकून देतो, चालतंय.” नांदेड असो की लातूर, लिनक्स फुकट आहे म्हणून सांगायला जावे, तर समोरचा म्हणतो की विंडोजही फुकटच मिळते. क्रॅक केलेली प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन फिरणारा मुलगा प्रत्येक गल्लीत आहे. म्हणून पैशांचा मुद्दा इथे लंगडा पडतो. मला तो सोडूनच बोलायचे आहे.

बसवणे अवघड गेले नाही. लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवर घेतले, संगणक त्यावरूनच सुरू करून आठवडाभर वापरून पाहिले आणि मग हार्ड डिस्कवर उतरवले. कळफलकासाठी मराठी इनस्क्रिप्ट मांडणी निवडली. छोटा लेझर प्रिंटर मात्र दोन दिवस रुसून बसला होता. खरी अडचण त्याच्याही पुढे होती. आमच्या वीस वर्षांच्या फायली.

शाळांच्या स्मरणिका, लातूरच्या शिकवणी वर्गांच्या प्रश्नपत्रिका, कवितासंग्रह, गावोगावच्या सप्ताहाच्या पत्रिका, सगळे जुन्या फाँटमध्ये. या फाँटांत मराठी साठवलेली नसते, मराठीचे चित्र असते. त्यांतल्या कृतिदेवमध्ये ‘राम’ लिहिले तर संगणकाच्या पोटात जे, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरे जातात. तो फाँट काढून घेतला की मजकुराचा कचरा होतो. फाइलीत एखादे गाव शोधायचे तर शोध लागत नाही. फाँटची फाइल लिनक्सवर नेता येते, अक्षरे दिसतातही. पण ती टाइप करून देणारी आमची सॉफ्टवेअरे विंडोजला बांधलेली. म्हणजे कागद आमच्या घरात आणि वाचणारा बाहेर. तेच ट्रंकेतले दुखणे, आणि या वेळी ते आम्ही स्वतःच्या हाताने ओढवून घेतले.

म्हणून या फायलींचे युनिकोड या सर्वमान्य संकेतपद्धतीत रूपांतर करायला बसलो, तेव्हा आपल्या लिपीची घडण नव्याने कळली. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई आणि रफार नंतर, कारण डोळ्यांना तसे दिसते. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने जाते. रूपांतर करणारी साधने नेमकी इथे अडखळतात आणि ओळ न् ओळ डोळ्यांखालून घालावी लागते. ‘शेतकऱ्यांची यादी’ या शब्दांतला अर्धा र बिघडला की ज्याच्यासाठी यादी, त्याचेच नाव मोडते. इनस्क्रिप्टमध्ये त्यासाठी वेगळा ऱ आहे; शिफ्ट धरून र ची कळ दाबली की तो येतो.

लिनक्सवर लोहित फाँट आहेत, लिबरऑफिसचे मेनू मराठीत आहेत. बरीचशी भाषांतरे स्वयंसेवकांनी बसून केली आहेत. काही शब्द अवघडलेले वाटतात, पण ते कोणालाही सुधारता येतात आणि ही सोय मला फार मोठी वाटते. स्पेनच्या एक्स्त्रेमादुरा या शेतीवर जगणाऱ्या, मागास म्हणवल्या जाणाऱ्या प्रांताने २००२ मध्ये डेबियन या लिनक्सवरून स्वतःचे लिनएक्स तयार केले. त्यात चित्रांच्या प्रोग्रामला झुर्बारान या तिथल्या चित्रकाराचे नाव दिले आणि लेखनाच्या प्रोग्रामला एस्प्रोन्सेदा या तिथल्या कवीचे. तो प्रकल्प पुढे टिकला नाही. तरी आपल्याकडे लेखनाच्या प्रोग्रामला इथले लेखक-विचारवंत नरहर कुरुंदकर यांचे नाव असते तर नांदेडच्या मुलाने तो कोणत्या नजरेने उघडला असता, हे मनात येतेच.

सगळे सुटले असे नाही. हिशेबाच्या टॅलीसाठी आणि पेजमेकरच्या जुन्या पानांसाठी एक विंडोज संगणक ठेवावा लागला, अजून काही वर्षे लागेल. ज्यांचे काम विंडोजवरच चालते त्यांनी ते जरूर वापरावे, रीतसर विकत घेऊन. पण मजकूर कोणत्या रूपात साठवायचा, हा निर्णय दुकानदारावर सोडू नये. लिबरऑफिस ज्या ओडीएफ स्वरूपात फाइल ठेवते त्याला २००६ पासून आयएसओ मानकाची मान्यता आहे. त्याचे नियम छापलेले आहेत आणि ते कोणालाही वाचता येतात.

नांदेड-लातूरच्या छापखान्यांना, शाळांना, पतसंस्थांना, ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे. लिनक्स टाका किंवा नका टाकू, ते नंतर पाहता येईल. आधी जुन्या फाँटमधल्या फायली युनिकोडमध्ये आणा. जुने संगणक अजून सुरू होतात आणि ते फाँट वापरणारे ऑपरेटर अजून कामावर आहेत, तोवरच हे काम होईल.