तान्ह्याचे औषध

दृष्टांत असा : राधानगरीकडे आषाढाची झड लागली असता एखादे तान्हे तापाने फणफणते. वैद्याने दिलेले औषध कडू; बाळ ओठ मिटते, मान फिरविते. 'नाक दाबले की तोंड उघडते' या म्हणीवर विसंबून एक माता त्यास उताणे पाडून औषध ओतते. ते श्वासनलिकेत शिरून बाळ घुसमटते. दुसरी रडणे न साहून औषधच टाळते. जाणती माता त्यास मांडीवर उभट धरून गालाच्या आतल्या बाजूस थेंब थेंब सोडते, गिळू देते. वर्षाच्या आत मध चाटवीत नाही. ओकले तर अंदाजाने पुन्हा न पाजता वैद्यास पुसते. मात्र मात्रा उणी करीत नाही.

दार्ष्टांतिक : जीव अनादि अविद्येने रोगी, आपण रोगी हेही त्यास ठाऊक नाही. म्हणून अनन्य स्मरण, अहिंसा, त्याग त्यास कडू लागतात. नवख्या वासनिकावर सारा आचार एकदम लादला तर तो मार्गच सोडतो. त्यास बरे वाटावे म्हणून देवताभक्तीस मुभा दिली तर रोग तसाच राहतो. पहिल्यात दया नाही, दुसऱ्यात हित नाही. उपदेश देणाऱ्याने अधिकार पाहून क्रमाने द्यावे, परंतु औषध बदलू नये.

दंडवत प्रणाम.