नोकरीचा प्रस्ताव आणि इस्तिखारा

नियुक्तीपत्र हाती आले की घरात पहिला प्रश्न पगाराचा निघतो. समजा, आपल्या मुलाला व्याजाने कर्ज देणाऱ्या संस्थेत करारपत्रे तयार करण्याचे काम मिळाले. दुसरीकडे धान्याच्या गोदामात हिशेब लिहिण्याची जागा आहे, पण पगार निम्मा. इकडे घरभाडे थकले आहे. अम्मी म्हणते, "बेटा, इस्तिखारा कर, मग ठरव."

अम्मीची तळमळ खरी आहे. तरीही इस्तिखाराचे स्थान ओळखले पाहिजे. हजरत जाबिर (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषित मुहम्मद (स.) इस्तिखारा कुरआनच्या सूरहप्रमाणे शिकवीत असत. फर्जव्यतिरिक्त दोन रकअत नमाज आणि त्यानंतर दुआ, एवढेच त्याचे स्वरूप. त्यात स्वप्न पडण्याची अट नाही. वैध मार्गांपैकी आपल्यासाठी हितकर कोणता, हे अल्लाहवर सोपविण्यासाठी तो आहे. निषिद्ध गोष्टीस संमती मिळविण्यासाठी नव्हे. सहीह मुस्लिममधील हदीसनुसार व्याज घेणारा, देणारा, त्याचा करार लिहिणारा आणि साक्षीदार गुन्ह्यात सारखेच आहेत. म्हणजे पहिल्या नोकरीचा निर्णय आधीच झालेला आहे.

मग भाड्याचे काय? येथे खरी कसोटी मुलाची नसून घराची आहे. आपण त्याच्याकडून ईशभयही मागतो आणि पूर्ण पगारही. त्यापेक्षा एवढेच म्हणावे, "बेटा, हलाल रोजी आण; कमी पडेल ते आपण सर्व मिळून सोसू." असा आधार मिळाला, तर नकार देताना तो एकटा पडणार नाही.