निवेदन कोणाचं, तोंड कोणाचं?



कल्याण पूर्वेच्या एका वस्तीत आम्ही काही पोरं संडासाच्या प्रश्नावर जमलो होतो. शंभरावर घरं, संडासाच्या खोल्या चार, त्यातल्या दोनांना दारं नाहीत. मी कॉलेज शिकलेला, म्हणून निवेदन मी लिहिलं. कचेरीत गेलो. साहेबानं मला खुर्ची दिली, चहा मागवला, भाषा चांगली आहे म्हणाला. बाकीची पोरं आणि वस्तीतल्या दोन बाया दाराशी उभ्या. मी चहा प्यालो. बाहेर आल्यावर त्यातली एक मावशी म्हणाली, "बाळा, तुला खुर्ची भेटली. आता आमचं काय ते सांग."

माझ्याकडं जवाब नव्हता. तो अजून शोधतोय, म्हणून हे लिहितोय.

आज ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत जो तो म्हणतो, तरुण नेते तयार करा, सरकारी धोरणावर बोलणारी पोरं तयार करा. शिबिरं होतात, बिल्ले मिळतात, फोटो निघतात. पण एक प्रश्न कुणी विचारत नाही. दुसऱ्याच्या वतीनं बोलायचा हक्क येतो कुठून? शिकलो म्हणून? जातीनं एक आहोत म्हणून? की नुसतं तोंड चालतं म्हणून?

आपल्यात दोन तट आहेत. एक म्हणतो, कागद काळे करून काय होतं, रस्त्यावर या. १९७२ साली पँथर कागदावर जन्मला नाही, संतापातून जन्मला. दुसरा म्हणतो, मोर्च्याचे दिवस गेले, आता फाईल वाचायला शिका. दोघंही अर्धंच बोलतात.

महाड आठवा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोल्यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात १९२३ साली पास झाला. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ ला तो मानला. कागद दोन झाले, पाणी मात्र तसंच बंद. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या मागं हजारो माणसं चवदार तळ्यावर चालत गेली, तेव्हा त्या कागदात जीव आला. पुढं कोर्टकचेरी चालली ती थेट १९३७ पर्यंत, हायकोर्टात निकाल लागेतो. कागद नसता तर त्या चालण्याला दंगल म्हटलं असतं. चालणं नसतं तर कागदाला वाळवी लागली असती. नामांतराचंही तेच. विधिमंडळाचा ठराव जुलै १९७८ चा, विद्यापीठाला नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत घरं जळली, माणसं मेली. ठराव आपल्या पायानं चालत नाही, हे त्यांनी रक्तानं शिकवलं.

तेव्हा कागद की रस्ता, हा वादच खोटा. खरा प्रश्न मावशीचा आहे.

१९१९ साली साउथबरो कमिटीपुढं बाबासाहेबांनी साक्ष दिली तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. म्हणजे तुमच्याच वयाचे. त्यांचं म्हणणं काय होतं? अस्पृश्यांच्या वतीनं दुसरे बोलू शकत नाहीत, त्यांचा माणूस त्यांच्यातलाच हवा. हा मुद्दा आपण सवर्णांच्या तोंडावर नेहमी फेकतो. पण तो स्वतःला कधी लावतो का? बी.ए. झालेला, नोकरीला लागलेला, वस्तीतून फ्लॅटात गेलेला पोरगा संडासाच्या रांगेत उभ्या बाईच्या वतीनं बोलतो, तेव्हा तो तिच्यातला असतो की तिच्यातला होता?

मार्च १९५६ मध्ये आग्र्याला बाबासाहेबांनी जाहीर खंत केली, की शिकलेल्यांनी समाजाला दगा दिला. हे आपण दर जयंतीला ऐकतो. पुढचं फारसं कुणी सांगत नाही. त्याच वर्षी जुलैत त्यांनी मुंबईत राजकारणात येणाऱ्यांसाठी शिक्षणाची शाळा काढली. विद्यार्थी अवघे पंधरा. डिसेंबरात बाबासाहेब गेले आणि पुढच्या वर्षी शाळाही मिटली. मला या दोन गोष्टी एकत्र वाचाव्या वाटतात. मार्चात शिकलेल्यांवर चिडलेला माणूस जुलैत शिकलेल्यांसाठीच शाळा काढतो. म्हणजे रोग शिक्षणात नाही. शिकून वस्तीला जवाब द्यायचं सोडलं, हा रोग.

आणि शिकायला तर पाहिजेच. ठाण्यात ढोकाळीला मे २०१९ मध्ये एका गृहसंकुलाच्या मैल्याच्या टाकीत उतरलेले तीन कामगार गुदमरून मेले. मैला हातानं काढायला लावणं बंद करणारा कायदा २०१३ चा. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या, हे सुप्रीम कोर्टानं २०१४ ला सांगितलं. २०२३ ला तेच तीस लाख केले. हे त्या विधवेच्या दारात जाऊन कोण सांगणार? ज्याला ठाऊक आहे आणि तो गप्प बसतो, तो त्या पापात वाटेकरी आहे. माहिती असणं ही पात्रता नाही रे, ते कर्ज आहे.

आपल्याकडं तर वेगळंच झालं. कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० ला संपली आणि पुढं पाच वर्षं नगरसेवकच नव्हते, नुसता प्रशासक. अशा वेळी लोक लिहितावाचता पोरगा धरतात. तिथंच तो घसरतो. आधी कार्यकर्ता, मग मध्यस्थ, मग दलाल. कचेरीत ओळख वाढली की वस्तीची ओळख कमी होते.

मावशीच्या बोलण्यानंतर आम्ही पुन्हा बसलो. निवेदन वस्तीत मोठ्यानं वाचलं. ती म्हणाली, "बल्ब कुठंय यात?" रात्री पोरींना अंधारात जावं लागतं, म्हणून बायांना आधी दिवा पाहिजे होता. माझ्या चांगल्या भाषेत दिवा नव्हताच! मी विचारलंच नव्हतं. कायद्याची भाषा माझी असेल, पण मागणी तिची, हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून काही रिवाज पाळतो. कागद वस्तीत वाचल्याबिगर जात नाही. न समजलेलं वाक्य खोडायचं. खुर्ची सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही. शिक्का मारलेली पोच वस्तीत राहील, माझ्या पिशवीत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, तीस दिवसांत उत्तर मागता येतं. तो दरवेळी नवा पोरगा किंवा पोरगी लिहील. आणि आठ दिवसांत वस्तीपुढं उभं राहून काय झालं ते सांगायचं. काही झालं नसलं तरी सांगायचं.

यानं काम हळू होतं. कधी वस्ती चुकतेही. तेव्हा भांडावं, समजवावं. पण तिला वगळून बरोबर ठरण्यापेक्षा तिच्याबरोबर चुकलेलं मला परवडतं. ती चूक उद्या सगळे मिळून दुरुस्त करू.

दुसऱ्या खेपेला मावशी बोलली. साहेबानं चहा मागवला नाही. महिन्यानं दिवा लागला, दारं बसली. खोल्या अजून चारच आहेत. पुढचा अर्ज तिची नात लिहितेय. दहावीत आहे.

जयभीम.