एका घरातली दोन पथ्यं

काही वर्षांपूर्वी मराठी घरांत एक नवाच पक्षभेद शिरला. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा, जेवण ५५ मिनिटांत आटपा आणि मधल्या वेळात तोंड बंद ठेवा. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, दर दोन तासांनी थोडं थोडं खा, तुपाला घाबरू नका, भात सोडू नका. मग लग्नकार्यात, सोसायटीच्या बाकावर, व्हॉट्सॲपवर जिकडेतिकडे एकच चौकशी, ‘तुम्ही दीक्षित की दिवेकर?’ यातलं शास्त्र कुणाच्या बाजूला, हा या स्तंभाचा विषय नाही. मला कुतूहल होतं ते नवरा दीक्षित आणि बायको दिवेकर असलेल्या घराचं. अकरा वाजता तिला मूठभर दाणे हवेत. एक वाजेपर्यंत त्याला दुधाचा चहासुद्धा वर्ज्य. तिचा डबा उघडल्याचा आवाज त्याला बाहेरच्या खोलीत ऐकू येतो.

आता हा विषय हौसेचा राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मदतीने झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेह असलेले सुमारे १० कोटी १० लाख लोक आहेत आणि त्याच्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी १३ कोटी ६० लाख. म्हणजे दोघांपैकी एकाची ‘शुगर निघाली’ आणि दुसऱ्याचे रिपोर्ट स्वच्छ, अशी घरं गल्लोगल्ली असणार. एकाला भात मोजून, दुसऱ्याला भाताशिवाय जेवल्यासारखंच वाटत नाही. प्रश्न डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सुटत नाही, कारण चिठ्ठी एकाच्या नावाची असते आणि कुकर दोघांचा.

पथ्य करणाऱ्याला घरात दोन तऱ्हेचा त्रास होतो. पहिला आग्रहाचा. आपल्या पंगतीत आग्रह हा पाहुणचाराचाच भाग. ‘नको नको’ म्हणणाऱ्याच्या पानात जिलबी पडली नाही, तर यजमानाला चुकल्यासारखं होतं. तीच सवय रविवारी जेवणाच्या टेबलावर येते. पुऱ्या टम्म फुगलेल्या, आम्रखंडाची वाटी मध्यभागी, आणि ‘अहो, एवढ्याशाने काय होतंय?’ हे वाक्य. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण कालपर्यंत दोघं मिळून खात होते तेव्हा कोण किती खातो हे कुणीच पाहत नव्हतं. आज एकाने हात आखडता घेतला की दुसऱ्याची तिसरी पुरी एकदम दिसू लागते. सोडणारा तोंडातून अवाक्षर काढत नाही, तरी त्याच्या रिकाम्या वाटीचा दुसऱ्याच्या भरल्या वाटीवर शेरा पडतोच. तो शेरा पुसण्याचा सोपा उपाय म्हणजे त्याच्याही वाटीत एक चमचा टाकणं.

दुसरा त्रास नेमका उलट दिशेने येतो, आणि तो देणारा बहुधा पथ्य करणाराच असतो. नव्याने सोडलेल्या माणसाला धर्मांतराचा उत्साह चढतो. चार किलो उतरले की तो दुसऱ्याच्या पोळ्या मोजू लागतो, बिस्किटाच्या पुड्यामागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचतो, पाहुण्यांसमोर ‘हिला किती सांगतो’ म्हणतो. ‘तुझ्याच भल्यासाठी’ हे शब्द आले की समोरच्याची भूक आणि मान दोन्ही खाली जातात.

जोडीदारामुळे आपलं पथ्य मोडतं ही तक्रार मी बऱ्याचदा ऐकतो. तिच्यात तथ्य आहे, पण सगळं नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या पाहणीतल्या १२,०६७ माणसांच्या १९७१ ते २००३ या काळातल्या नोंदी घेऊन दोन संशोधकांनी २००७ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. नवरा-बायकोपैकी एक लठ्ठ झाला, तर दुसरा लठ्ठ होण्याची शक्यता ३७ टक्क्यांनी वाढलेली त्यांना दिसली. मित्राच्या बाबतीत तोच आकडा ५७ होता. त्यांच्या गणितावर पुढे टीका झाली, ती होऊ दे. आपल्याला घ्यायचा तो इशारा पुरेसा आहे. बायकोच्या साबुदाणा वड्याला बोल लावण्यापूर्वी ऑफिसखालच्या टपरीवर संध्याकाळी कुणाबरोबर आणि काय खातो, ते आठवावं.

‘तुझ्याच भल्यासाठी’चा सर्वांत प्रामाणिक आणि म्हणूनच सर्वांत अवघड दाखला गांधीजींच्या आत्मकथेत आहे. दक्षिण आफ्रिकेतले दिवस. शस्त्रक्रिया होऊनही कस्तुरबांचा रक्तस्राव पुन्हा सुरू झालेला. गांधीजींच्या वाचनात आलं होतं की मीठ शरीराला लागत नाही आणि अशक्त माणसाने डाळी खाऊ नयेत. त्यांनी कस्तुरबांना दोन्ही सोडायला सांगितलं, पुष्कळ समजावलं. त्या शेवटी वैतागून म्हणाल्या की असं तुम्हाला कुणी सांगितलं असतं तर तुम्हालाही जमलं नसतं. झालं. गांधीजींनी तिथल्या तिथे जाहीर केलं की, तू सोड वा सोडू नकोस, मी वर्षभर मीठ आणि डाळ सोडली. कस्तुरबा हादरल्या. मी सोडते, पण तुमचं व्रत मागे घ्या, म्हणून विनवू लागल्या. ते बधले नाहीत. तुम्ही भारी हट्टी, कुणाचं ऐकणार नाही, असं म्हणून त्या रडल्या.

गांधीजींनी हा सत्याग्रह मानला आहे आणि आयुष्यातल्या गोड आठवणींत त्याला जागा दिली आहे. पुढे कस्तुरबांची तब्येत सुधारली. ती या आहारामुळेच का, हे आपल्याला सांगता येणार नाही, असंही त्यांनी मोकळेपणाने लिहिलं आहे. दुसऱ्याला सोडायला सांगितलं ते स्वतःही सोडलं, हे त्यांचं मोठेपण निर्विवाद. तरीही मला हा प्रसंग वाचताना अडखळायला होतं. नवऱ्याने स्वतःवर ओढवून घेतलेल्या कष्टाखाली ‘नाही’ म्हणायला बायकोला जागाच उरली नाही. गोड आठवण एकाची. दुसरीच्या वाट्याला त्या प्रकरणात एक टोमणा, एक विनवणी आणि रडणं आलं आहे.

काही वर्षांनी पारडं फिरलं. गांधीजींनी १९१२ मध्ये दूध सोडलं होतं. १९१८ च्या आजारपणानंतर ते पार खंगले. हवापालटासाठी माथेरानला गेले, तिथलं जड पाणी मानवलं नाही म्हणून आठवड्याच्या आत परतले. मुंबईत डॉ. दलाल यांनी बजावलं की दूध घेतल्याशिवाय अंगात शक्ती येणार नाही. गांधीजी म्हणाले, गायी-म्हशींचा छळ करून दूध काढतात हे कळल्यावर ते मी सोडलं आहे. कस्तुरबा शेजारी उभ्या होत्या. मग शेळीच्या दुधाला तर तुमची हरकत नसेल, असं त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी ते लगेच उचलून धरलं. गांधीजी शेळीचं दूध प्याले. आपण प्रतिज्ञेची अक्षरं पाळली आणि आत्मा घालवला, ही टोचणी मात्र त्यांच्या मनात राहिली.

टोचणी त्यांची, त्यांनी ती बाळगली. मला कस्तुरबांची रीत अधिक माणुसकीची वाटते. त्यांनी नवऱ्याचा नियम चुकीचा ठरवला नाही, त्याची थट्टा केली नाही, स्वतः उपाशी राहून त्याला कोंडीत धरलं नाही. नियमाच्या आतच एक फट आहे एवढं दाखवलं आणि निर्णय त्याच्यावर सोडला.

एका छपराखाली वेगळं खाणं आपल्याला नवं नाही, हेही आपण विसरतो. समजा संकष्टी रविवारी आली. काही घरांत नवऱ्याला आणि मुलांना रविवारची मासळी हवीच असते. बाई उपाशीपोटी बांगडे साफ करते, वाटण वाटते, कालवण उकळतं आणि चव घ्यायची वेळ येते. तिला तर तोंडाला लावायचं नाही. मग ती पोराला हाक मारते, ‘ये रे, जरा मीठ बघ.’ चंद्रोदयापर्यंत तिला कुणी ‘एका तुकड्याने काय होतंय’ म्हणत नाही. तीही कुणाला ‘आज तुम्हीही सोडा’ म्हणत नाही. देवाच्या नावाने सोडलेलं कुणी ओढून वाढत नाही. डॉक्टरांच्या नावाने सोडलेलं मात्र सगळं घर वाढायला टपलेलं. उपासाने प्रकृती सुधारते असा माझा दावा नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात बटाटा नि दाण्याचं कूट. पण उपास करणाऱ्या माणसाभोवती घर जो आदर उभा करतं, तो गोळ्यांच्या पाकिटाला मिळाला असता तर बरीच पथ्यं टिकली असती.

या चित्रात सोयीस्करपणे झाकलेली एक गोष्ट आहे. ती बाई उपाशीपोटी ओट्यापाशी उभी आहे.

नवऱ्याची शुगर निघते तेव्हा घरात काय होतं पाहा. पोळी बंद, ज्वारीची भाकरी सुरू. ऐकायला साधा बदल. पण पोळ्या सकाळी एकदाच लाटून, तेल लावून डब्यात भरता येतात, रात्रीपर्यंत मऊ राहतात. भाकरीचं तसं नाही. पीठ गरम पाण्यात मळायचं, परातीत थापायचं, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, मग विस्तवावर फुगवायची, आणि ती गरमच खायची. म्हणजे तो जेवत असताना ती उभी. पोळीवाल्या बाई भाकरीचे पैसे वेगळे सांगतात, कारण त्यांना हे पक्कं ठाऊक असतं. घरच्या बाईने वेगळं काय सांगावं? तो मित्रांत म्हणतो, ‘मी हल्ली फक्त भाकरीच खातो.’ निग्रह त्याचा, मनगट तिचं. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७. नव्या पथ्याची वीस-पंचवीस मिनिटं कुठल्या खात्यात जातात, हे सांगायला पाहणी लागत नाही.

आणि बायकोची शुगर निघते तेव्हा? तेव्हा बहुतेक घरांत मेनू बदलत नाही. ‘माझ्या एकटीसाठी कुठे वेगळं करत बसू’, असं तीच म्हणते आणि भात थोडा कमी घेते. मग रात्री पातेल्यात दोन डाव भात उरतो, मुलाने अर्धी पोळी टाकलेली असते, सकाळची उसळ आंबेल अशी भीती असते. ते सगळं कोण संपवतं? तिचं पथ्य मोहामुळे मोडत नाही, अन्न वाया जाऊ नये म्हणून मोडतं. ‘खाऊन माजावं पण टाकून माजू नये’ ही म्हण घरात सगळे ऐकतात, पाळते ती एकटी. अशा बाईला डॉक्टर ‘मनावर ताबा ठेवा’ म्हणून सांगतात. ताबा तांदूळ मोजून शिजवण्यावर ठेवायला हवा, आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी कोण खाणार हे इतरांनीही आपसांत ठरवायला हवं.

म्हणून मला वाटतं, पथ्य ज्याचं असेल त्याचे हात त्याला लागले पाहिजेत. भाकरी हवी तर थापायला शिकावं; पहिल्या दहा-पंधरा फाटतात, त्याही पोटात जातात. निदान दोघांचं पाच-सहा भाकऱ्यांचं पीठ मळून द्यावं, तवा घासावा. नियम मी करणार आणि राबणार दुसरं कुणी, अशा नियमाला निग्रह म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही.

बाकी आपलं ताट या कामी पुष्कळ मदत करतं. वरण, भाजी, कोशिंबीर, भात, पोळी सगळं सुटं सुटं. पदार्थ तेच ठेवून दोघांची मापं वेगळी करता येतात. भांड्यात मीठ बेताने घालावं. ज्याला हवं त्याने ताटाच्या डाव्या बाजूला वाढलेलं घ्यावं, त्यासाठीच ते वाढायची पद्धत आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे एक छोटा चमचासुद्धा नाही. उसळीची तर्री वेगळ्या वाटीत काढावी. फरसाणाचा डबा ओट्यावर नको, वरच्या फळीवर, आणि त्याचं पथ्य असेल तर तिने तो त्याच्याकडूनच काढून मागू नये. एवढं जमलं की जेवायला एकत्र बसता येतं. ते सुटू देऊ नये. वेगळं खायचं म्हणून एकजण आठला आणि दुसरा साडेनऊला मोबाइलसमोर, असं ज्या घरात झालं तिथे वजनाच्या काट्यावर कमावलेलं दुसरीकडे गेलं.

एक गाठ मात्र सहज सुटत नाही. जोडीदार जे खातो ते नुसतं वेगळं नसेल, त्याच्या जिवाला धोक्याचं असेल तर? छातीत स्टेंट बसलेला नवरा बटाटेवडे मागतो तेव्हा त्याच्या ताटाचा मान राखायचा की त्याच्या हृदयाचा? पाळत ठेवणं, खिसे चाचपणं, मुलांना हेर करणं यातून खाणारा सुधारत नाही, लपवायला शिकतो. सज्ञान माणसाला डॉक्टरांसमोर एकदा स्पष्ट सांगावं, नंतर हात धरू नये, इथपर्यंत माझं मत पक्कं आहे. पण हात न धरणं आणि स्वतःच्या हाताने तळून देणं, यांत मी फरक करतो. त्याला अडवण्याचा हक्क तिला नसेल, तसा तिने कढई चढवावी हा हक्क त्यालाही नाही.

माझ्या ओळखीच्या एका बाईंनी हेच केलं. ‘तुम्ही खा, मी काही बोलणार नाही. पण तळा तुम्ही.’ त्यांना वाटलं होतं, विषय संपला. ते गृहस्थ बटाटे उकडायला लागले. आता एखाद्या रविवारी ते स्वतः पीठ भिजवतात, चार वडे तळतात, ओटा पुसतात. पूर्वी महिन्यातून चारदा होत असे ते एकदा होतं, कारण ओटा पुसणं त्यांना आवडत नाही. कढईत उरलेलं तेल सोमवारी कुणाच्या भाजीत जाणार, यावर त्या घरात अजून वाद आहे.