वसुली करणाऱ्याच्या हाती न्याय

शेतसारा वसूल करणाऱ्याच्याच हाती शेतकऱ्याला शिक्षा देण्याचा अधिकार असेल, तर त्या शिक्षेला न्याय म्हणता येईल का? ब्रिटिश काळातल्या सातारा जिल्ह्यात हा रोजचा प्रश्न होता. वाळवा, तासगाव, खानापूर हे आजच्या सांगलीचे तालुकेही तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. सारा थकला की मामलेदार जप्ती आणी, आणि मॅजिस्ट्रेट म्हणून फौजदारी खटलेही चालवी. ‘छोडो भारत’ आंदोलनात ९ सप्टेंबर १९४२ रोजी याच जिल्ह्यातल्या वडूजचा मोर्चा गेला तो अशाच कचेरीवर. पोलिसांच्या गोळीबारात परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले.

न्यायाधीश सत्तेनेच नेमायचा, मग तो सत्तेहून वेगळा कसा राहील? साताऱ्याजवळच्या माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांनी याचे उत्तर कृतीने दिले. पेशव्यांच्याच दरबारात न्यायाधीश असताना त्यांनी नारायणरावांच्या खुनाचा दोष रघुनाथरावांवर ठेवला आणि पद सोडले. पण सगळा न्याय एका माणसाच्या निःस्पृहतेवर टाकणे धोक्याचे आहे; प्रत्येक तालुक्याला रामशास्त्री कुठून मिळणार?

१९४३ ते १९४६ या काळात ब्रिटिश सत्तेला समांतर उभ्या राहिलेल्या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने कचेरीची पायरीच टाळली. गावोगावच्या न्यायदान मंडळांत बांधाचे तंटे, सावकारी गहाणवट, नवराबायकोची भांडणे मिटू लागली. कोर्ट फी नाही, वकील नाही. बांध कुणी कोरला हे पंचांना शेजारपणामुळेच ठाऊक असे. हा न्याय लोकांना आपला वाटला, आणि तो वाटावा असाच होता. तरीही गुन्हेगाराला पकडणारे आणि शिक्षा ठरवणारे एकाच चळवळीचे होते. शिक्षा म्हणून तळपायावर काठ्या खाणाऱ्याने दाद कुणाकडे मागायची, ही अडचण इथेही उरली. परकी सत्ता गेली म्हणून ती आपोआप सुटणारी नव्हती.

संविधानाच्या ५० व्या अनुच्छेदाने न्यायसंस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी करण्याचे निर्देश दिले. मुंबई राज्याने त्यासाठी १९५१ मध्ये कायदा केला, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने देशभर न्यायदंडाधिकारी व कार्यकारी दंडाधिकारी अशी विभागणी केली. खटले पहिल्याकडे गेले. जमावबंदी आणि शांततेसाठी जामीन घेण्याची ‘चॅप्टर केस’ मात्र महसूल खात्यातल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे राहिली. ऊसदरासाठी रस्ता अडवू पाहणाऱ्या शेतकऱ्याला, गुन्हा घडण्याआधीच, आजही तहसीलदारासमोर उभे राहावे लागू शकते. त्याच्या सातबाऱ्याचे तंटेही त्याच कचेरीत चालतात.