राहिलेला विषय

दहावीच्या निकालादिवशी घरोघरी विचारतात, "किती राहिले?" मराठीत विषय राहतो आणि पुढे कधीतरी सुटतो. गणित राहिलं, गणित सुटलं. किती समजूतदार बोली आहे ही! राहिलेलं काम उद्या हाती घेता येतं, तसाच राहिलेला विषय. पण संध्याकाळपर्यंत काका-मावश्यांचे फोन सुरू होतात, 'तिचं गणित राहिलं' याचं 'ती नापास झाली' होतं, आणि पेपरचा निकाल पोरीचाच निकाल होऊन बसतो.

फेरपरीक्षेला बसणाऱ्या मुलांना मी बरीच वर्षं गणित शिकवतो आहे. ही परीक्षा पूर्वी ऑक्टोबरमध्ये असायची, त्यामुळे अनेकांचं अकरावीचं वर्ष हातचं जायचं. २०१५पासून दहावीची फेरपरीक्षा जुलैच्या सुमारास होऊ लागली, हा मोठाच दिलासा. पण मधल्या दीडेक महिन्यात आपण काय करतो? तेच पुस्तक, पहिल्या पानापासून, दुप्पट वेगानं. पोर नेमकं कुठे अडलं हे कुणी बघतच नाही.

एका मुलीला गणितात २८ गुण होते. निकालापासून तिचे वडील तिच्याशी बोलत नव्हते. मंडळाकडे अर्ज करून शुल्क भरलं की उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते. लोक ती मागवतात पुनर्मूल्यांकनासाठी, एखाद-दुसरा गुण वाढतो का ते बघायला. आम्ही ती वाचायला मागवली. अक्षर सुरेख, समास आखलेले. वर्गसमीकरणाचं सूत्र तिनं अचूक लिहिलं होतं. 'बी'ची किंमत वजा ५, तीही बरोबर. पुढे बी-वर्ग वजा चार एसी काढताना तिनं वजा ५चा वर्ग वजा २५ लिहिला. त्यातून २४ गेले, उरले वजा ४९. याचं वर्गमूळ निघेना. तिथे पेन तीनदा फिरवून खोडलेलं होतं आणि खाली अर्धं पान कोरं. पुढच्या दोन उदाहरणांतही तेच: वजा, वर्ग, खाडाखोड.

म्हणजे दहावीचं गणित तिला येत होतं. अडलं होतं ते सातवी-आठवीतलं वजा गुणिले वजा.

मग तेव्हा हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? शिक्षण हक्क कायद्यानं २००९ साली आठवीपर्यंत नापास करायचं नाही असं ठरवलं. मला तो निर्णय आजही माणुसकीचा वाटतो. त्याच्या जोडीला सातत्यपूर्ण मूल्यमापन होतं, मूल कुठे अडतंय ते वेळीच दिसावं म्हणून. आपण त्याच्या नोंदवह्या भरल्या, मुलांच्या वह्या उघडल्या नाहीत. आता २०२३च्या नियमबदलानं राज्यात पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा, फेरपरीक्षा आणि तरीही न जमल्यास त्याच वर्गात बसवणं आलं आहे. त्याच वर्गात बसवलं तरी चुकीवर कुणी बोट ठेवलं नाही, तर पोर तीच चूक दुसऱ्या वर्षी करणार.

मनू कपूर या अभ्यासकानं सिंगापूरच्या शाळांत एक प्रयोग केला. आधी न शिकवता मुलांना अवघड उदाहरण द्यायचं, चुकू द्यायचं, आणि नंतर त्यांच्याच प्रयत्नांना धरून शिकवायचं. आधी शिकवून मग सोडवून घेतलेल्यांपेक्षा या मुलांना संकल्पना अधिक पक्की समजली. मात्र तिथे चुकल्याची शिक्षा नव्हती आणि चुकल्यावर शिकवणारा हजर होता. आपल्याकडे नेमक्या याच दोन गोष्टींची वानवा आहे.

नापास होऊन मोठ्या झालेल्यांच्या गोष्टी मुलांना सांगणं मी सोडून दिलं आहे. ज्या पोराला उद्या गल्लीतून चालत जायचं आहे, त्याला त्या गोष्टींचा आधार होत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकडेवारीत देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आहेत, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्र सर्वांत वर. म्हणून निकालानंतरचे काही दिवस अभ्यासाचं बोलूच नये. ताटावर एकत्र बसावं, पोराला एकटं सोडू नये. जड जात असेल तर १४४१६ या टेली-मानस मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर बोलता येतं. उत्तरपत्रिका नंतर उघडावी, आणि तीही शेजारी बसून.

त्या मुलीनं लाल पेन घेतलं. वजा ५ गुणिले वजा ५. पंचवीस. त्यातून चोवीस गेले, उरला एक. एकाचं वर्गमूळ तिनं बराच वेळ लिहिलंच नाही, नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "सर, इतकंच होतं?"

जाताना तिनं ती छायाप्रत मागून घेतली. पप्पांना दाखवायची होती.